माहेरचं नाव

म्हातारीने पळसाच्या पानांचा दोना हिरालालच्या हातात दिला, आणि त्याने तो तोंडाकडे नेताच त्याचं मनगट धरलं.

"पहिली भुइयाँ ल दे," ती म्हणाली. "अपन मरे मनखे के नाँव ले के. तेकर बाद पी." आधी भुईला, आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन, मग आपण.

दोन्यात मोहाची दारू होती. ताजी, अजून कोमट. मागे चुलीवर मडक्यावर मडकं रचलेलं होतं आणि बांबूच्या नळीतून थेंब पडत होते.

कारखान्यातून रिटायर झालेले बावीस जण सकाळी भिलाईहून बस करून निघाले होते. उतई, गुंडरदेही, बालोद. एक जुनं देऊळ पाहून झालं. मग माळावर उभे केलेले दगड पाहिले. या दगडांखाली हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली आहेत, असं गाईडने सांगितलं. त्यांच्यासोबत मडकीही पुरली आहेत. माणसं कोण होती ते कोणालाच माहीत नाही. शेवटी ही गोंडांची वस्ती आणि ही दारू.

हिरालाल दिवसभर कुठेच काही बोलला नव्हता. त्याची बायको मथुरा वारली त्याला सात महिने झाले होते. सात महिने तो सेक्टर दहामधल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये खिडकीजवळ बसून होता. शेजारच्या श्यामरावने त्याला आज ओढून आणलं होतं.

श्यामरावने स्वतःच्या बापाचं नाव घेऊन चार थेंब सांडले.

"थेंबावर नाई भागत त्याचं," तो म्हणाला. "त्याले पुरा मटका लागे."

बाकीचे हसले. म्हातारीही हसली. मग तिने हिरालालकडे पाहिलं.

"मथुरा," हिरालाल म्हणाला.

"कोन आय?"

"बायको."

"मइके के नाँव आय?" म्हातारीने विचारलं. "ससुरार के नाँव ल भुइयाँ नइ जानय, भाई. मइके के नाँव ले."

सासरचं नाव भुईला ठाऊक नसतं, म्हातारीला माहेरचं हवं होतं.

मथुरा हे नाव त्याच्या आईने ठेवलं होतं. लग्नात, ताटातल्या तांदळावर, अंगठीने लिहून. त्याआधी तिचं दुसरं नाव होतं. तिला पाहायला गेले तेव्हा तिने ते खाली मान घालून सांगितलं होतं. हिरालाल तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याची फर्स्ट शिफ्ट होती आणि गाडी चुकेल अशी धास्ती होती. नाव त्याने ऐकलं नाही. पुढे एक्केचाळीस वर्षांत विचारलंही नाही. त्याचा कारखान्यातला टोकन नंबर मात्र तिला शेवटपर्यंत पाठ होता.

"अबे, मथुराच म्हन न टाक," श्यामराव हळूच म्हणाला. "कोन पाहून राहिलं?"

"तिले भेटनार नाई मंग."

"दारू? वहिनीले वासबी चालत नव्हता बे."

"दारू नाई," हिरालाल म्हणाला. "काहीच. तेराव्याले भटजीनं मथुराच म्हटलं. मीबी मथुराच म्हटलं. सगळं त्याच नावानं गेलं."



मुलाला विचारून उपयोग नव्हता. त्याने तिला आईच म्हटलं होतं. हिरालालने दोना डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने तिच्या माहेरी, तुमसरकडे, फोन लावला. तेराव्यानंतर तो पहिल्यांदाच तिथे फोन करत होता. साळ्याच्या सुनेने उचलला.

"मामाजी, बाबा बाजारात गेले."

"माय हाय न घरी? तिले दे."

"आजीले?" तिने आवाज खाली आणला. "तिले कमी आयकू येते, मामाजी. बाबा आले का मी लावून देतो."

"एकच गोष्ट विचारतो पोरी. बस पुढं जाऊन राहिली आमची."



"बरं," ती म्हणाली. "पन दुसरं काही बोलू नका तिच्यासंग."

मग खाटेची कुरकुर ऐकू आली. सासू नव्वदीची होती. मुलीच्या मातीला तिला आणलं नव्हतं. एवढा प्रवास झेपणार नाही, असं साळा म्हणाला होता आणि ते कोणालाही पटण्यासारखं होतं.

"कोन? जवाईबुवा?" सासूचा आवाज एकदम मोठा झाला. "बरे हाव न?"

"हाव, माय. एक विचाराचं होतं. लग्नाच्या आंधी तुमी पोरीले काय म्हनत होते?"

"काय?"

"नाव, माय. तिचं घरचं नाव."

"सगुना," सासू म्हणाली. तिला हसू आलं. "सगुना. बापानं ठेवलं होतं. तुमच्या मायनं मथुरा केलं. मले अजूनबी सगुनाच येते तोंडात."

हिरालालने फोन कान आणि खांद्यात धरला. दोन्ही हातांनी दोना पकडला. म्हातारी त्याच्याकडे पाहत होती. आसपासचे सगळे थांबले होते.

"सगुना," तो म्हणाला. मग तो पुन्हा, मोठ्याने म्हणाला, "सगुना."

दोना तिरपा झाला आणि धार मातीत गेली.

"हाव, बलवा तिले, बलवा," फोनमधून सासू म्हणत होती. "सात महिने झाले, मायची याद नाई आली पोरीले. द्या तिच्याजवळ फोन."