रबराची सपाटी

अकराव्यांदा तिनं सेन्सर उचलला, तो चिकटवायला लावलेला मध पुसला आणि नव्या थेंबावर पुन्हा बसवला. प्रयोगशाळेच्या टेबलावर तिच्या गावच्या खोऱ्याचा नमुना होता, परातीएवढा. डोंगर प्लास्टरचा, पायथ्याची सपाटी तिथल्या भुसभुशीत मातीसारखी, मऊ रबराची. सेन्सर डोंगरावर ठेवून कडेनं बारीकसा धक्का दिला की स्क्रीनवरची रेघ जेमतेम हलायची. सपाटीवर ठेवला की चौपट उसळायची.

"अख्खी बाटली संपवलीस की," सर म्हणाले. "अस्वल पाळलंयस का? मधाचा दोष नाही गं. रेघ खरी आहे."

बारावी चाचणी. चौपट.

गेल्या वर्षी रबर वेळेवर आलं नव्हतं, म्हणून तिनं सपाटीही प्लास्टरचीच ओतली होती. तेव्हा सपाटीवरही रेघ शांत राहिली. "भूकंप झाला तर वर दरडी कोसळतील, खालीच धोका कमी," असं तिनंच गावचे सरपंच असलेल्या आबांना सांगितलं, आणि तिच्या शब्दावर आबांनी सगळं गाव डोंगरावरून सपाटीवर उतरवलं.

तेरावी चाचणी तिनं केलीच नाही. फोन लावला.

"बोल गं प्राजू! शेवटच्या घराची वास्तुशांत चाललीय. सगळे तुझंच नाव घेतायत."

"आबा, माझं चुकलं. भूकंपात खालचीच माती जास्त हलणार. सगळ्यांना परत वर न्या."

पलीकडे लाउडस्पीकरवर सनई वाजत राहिली.

"वर कुठं, पोरी?" आबा हळूच म्हणाले. "वरची घरं पाडून त्याच दगडांनी ही बांधलीत."