नसलेली ज्योत

राजनने हिरवं बटण दाबलं. भट्टीचा पंखा सुरू झाला, थोडा वेळ घोंघावला आणि थांबला. पॅनेलवर लाल दिवा लागला.

काचेपलीकडे कॅनडातल्या मिसिसागातली ओळखीची मंडळी हात जोडून उभी होती. त्यांना वाटलं, झालं. एक-दोघांनी डोळे पुसले.

"सॉरी अंकलजी," क्रिमेटोरियमचा ऑपरेटर जयदीप सिंग म्हणाला. त्याने रीसेट केलं. "एक बार फिर दबाइए."

राजनने पुन्हा दाबलं. पुन्हा पंखा, पुन्हा लाल दिवा. ठिणगीची टकटक आलीच नाही. भट्टीचं दार खाली आलेलं होतं आणि दारामागे उमा होती, त्याची बायको.

जयदीपने आवाज खाली आणला. "सर्व्हिसवाला कल सुबह आएगा, जी. तब तक आंटीजी को वापस कोल्ड स्टोरेज में रखेंगे. पूरी रिस्पेक्ट से."

"इट्स ओके, बाबा," आनंदी म्हणाली. मग तिने बापाकडे नीट पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये त्याची कामाची व्हॅन उभी होती. बाजूवर मोठ्या अक्षरांत 'बर्नर सर्व्हिस' लिहिलेली. आईच्या फ्युनरलला तरी ती व्हॅन नको, म्हणून सकाळीच दोघांचं वाजलं होतं. "तुला नाही का करता येणार?"

"पार्ट लागेल."

"व्हॅनमध्ये नाहीये?"

"नाही," राजन म्हणाला.

होता. पण उद्या सकाळपर्यंत उमा आहे तशी राहिली असती. कपाळावर कुंकू, आनंदीने नेसवलेली हिरवी साडी. एक रात्र. त्यात कोणाचं काय जात होतं?

"एक मिनट, आय साफ करके देखता हूँ," म्हणत जयदीप बर्नरच्या मागे गेला. ज्योत आहे की नाही हे पाहणारा सेन्सर बर्नरवर असतो. या धंद्यात सगळे त्याला आय म्हणतात, इंग्रजीतला डोळा. जयदीपने तो फिरवून बाहेर काढला आणि पुढची काच पुसायला अंगठा टेकवला, तोच राजन ओरडला.

"अंगूठा मत लगाओ! हाथ का तेल लग जाता है. हमें साफ दिखता है, उसको कुछ नहीं दिखता."

आपण पुढे कधी गेलो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आय त्याच्या हातात होती. रुमालाच्या कोऱ्या घडीने त्याने काच पुसली. मग ती मुठीत घट्ट झाकली आणि पॅनेलवरच्या, ज्योत किती दिसते ते सांगणाऱ्या आकड्याकडे पाहिलं. आकडा शून्यावर यायला हवा होता. हलला नाही. मुठीतल्या अंधारात आयला ज्योत दिसत होती.

"इसको दिख क्या रहा है?" जयदीपने विचारलं.

"कुछ नहीं. पुरानी हो गई है. इतने साल आग देखी, अब आग न हो तो भी देखती रहती है."

आणि ज्योत आधीच आहे असं वाटलं, की बर्नर गॅस सोडत नाही. पेटतच नाही.

आनंदी जवळ आली. "काय झालं, बाबा?"

"आय गेली," राजन म्हणाला.

त्याचं रोजचं वाक्य. तो फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायला लागला की उमा स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, किती वेळा आय जाते तुमची? शेजारच्या वहिनी सांत्वनाला येतील एक दिवस!"

शेजारच्या वहिनी आता काचेपलीकडे उभ्या होत्या. आणि हॉस्पिटलमधून आल्यापासून 'गेली' हा शब्द राजनच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. नातेवाइकांचे सगळे फोन आनंदीनेच घेतले होते.

तिने त्याचा दंड धरला. "हो, बाबा," ती म्हणाली. "गेली."

राजनने खिशातून व्हॅनची किल्ली काढली.

"मागच्या कप्प्यात, डावीकडे. छोटी पांढरी खोकी आहेत. एक आण."

मघाशी नाही का म्हणालास, असं तिने विचारलं नाही. ती गेली आणि खोकं घेऊन आली.

राजनने आयमधली जुनी ट्यूब काढून नवी बसवली. आय मुठीत झाकली. आकडा शून्य. जयदीपने लायटर पेटवून समोर धरला. आकडा चढला. राजनने आय जागेवर घट्ट फिरवली, हात पुसले आणि हिरवं बटण दाबलं.

पंखा. टकटक. मग गॅस पेटल्याचा दबका आवाज.

काचेपलीकडे कोणीतरी पुन्हा हात जोडले.

"टेस्ट करेंगे, अंकलजी?" जयदीपने विचारलं. नवी ट्यूब बसवली की चालू बर्नरमधून आय एकदा काढून पाहायची. आग तिथल्या तिथे बंद झाली पाहिजे. ते पाहिल्याशिवाय राजनने आजवर कुठलं काम सोडलं नव्हतं.

"नहीं," तो म्हणाला. "चिता बीच में नहीं बुझाते."

"बिना टेस्ट के? फिर नजर कौन रखेगा?"

"मी आहे," राजन मराठीतच म्हणाला.

बर्नरच्या अंगाला आत पाहायचं एक लहान काचेचं भोक होतं. राजनने चष्मा काढून कोटाच्या खिशात ठेवला, वाकला आणि तिथे डोळा लावला.

"बाबा, लोक खोळंबलेत."

"त्यांना जाऊ दे."

जयदीपने त्याच्या मागे एक स्टूल सरकवलं. मग ज्योत नीट दिसावी म्हणून खोलीतला दिवा मालवला.