कच्चा चीक

मृण्मयीने फ्रिज उघडला आणि कपाळावर हात मारला. लेकीच्या, कृत्तिकाच्या चिकाची बाटली रिकामी होती आणि शेजारच्या ताटलीत खरवसाच्या वड्या होत्या.

"माई, अहो हे काय केलंत!"

"वेलदोडा घातलाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

जंतूंना आतड्यातच आवरणारी प्रतिपिंडं कृत्तिकाच्या शरीरात जन्मापासूनच तयार होत नव्हती. तो बापाकडून आलेला वारसा. कृत्तिकाच्याच पोटातल्या जंतूंची लस टोचलेली उपचार केंद्रातली गाय व्याली, की ती प्रतिपिंडं तिला चिकातून मिळत. आज कृत्तिका कच्चा चीक प्यायली, तरच दोन महिने घरात काढल्यावर उद्या ती शाळेत जाणार होती.

"वाफेत सगळी प्रतिपिंडं नासली, माई!"

"मग देवापुढे काय कच्चा चीक ठेवू?"

मृण्मयीने केंद्राला फोन लावला.

"बाटलीवर 'तापवू नये' असं छापलंय ना, ताई?"

"त्या म्हणतात, तापवला नाही, वाफवला."

पलीकडून उसासा ऐकू आला. "आज खरवस करणारं हे चौथं घर. कृत्तिकासाठी लस टोचलेली दुसरी गाय व्यायला अजून दीड महिना आहे."

आतल्या खोलीत कृत्तिका गुणगुणत दप्तर भरत होती.

"आता तुम्हीच सांगा तिला," मृण्मयी म्हणाली.

माई पदराला हात पुसत निघाल्या आणि दारातूनच परत फिरल्या.

"मला नाही गं जमायचं."