टिपकागद

"एचआयव्ही निगेटिव्ह," तपासणी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्याचा तिसरा रिपोर्ट पुढे सरकवला. "त्या भेटीला चार महिने झाले. कंडोमही वापरला होता. आता विषय संपला."

त्याचा जीव काही भांड्यात पडेना.

"पण बाई, त्याला बारीकसं छिद्र असलं तर?"

"गळत होता का?"

"नाही. नंतर घरी पाणी भरून टांगला. थेंब पडला नाही. मग टिपकागदावर लोळवला. कागद कोरडाच."

बाईंनी चष्मा काढला. या खुर्चीत बसून त्यांनी नाही नाही ते ऐकलं होतं, टिपकागद मात्र पहिल्यांदाच.

"अहो, असं कोण करतं?"

"आम्ही रोज करतो," तो खाली मान घालून म्हणाला. "कंडोमच्या कारखान्यात तपासणीला आहे मी. बारा वर्षं झाली. शेकड्यानं चांगले बघतो, पण डोळ्यांसमोर येतो तो एखादा गळकाच."

"आणि तसा सापडला की?"

"जरा शंका आली तरी अख्खा लॉट अडवतो. साहेब डोकं खातात, पण माझं समाधान झाल्याशिवाय मी सही करत नाही."

बाईंनी रिपोर्टची घडी घालून त्याच्या खिशात कोंबली.

"मग तुम्ही असेच घाबरट राहा. तुमच्या भरवशावर अख्खं गाव निवांत झोपतंय. त्यात आमचे हेसुद्धा आले."