टॉडमॉर्डनच्या बाईचं पत्र

"या बाईला यंदा काढून टाका," विल्फ्रेड म्हणाला आणि छपाईच्या कच्च्या कागदावर त्यानं लाल पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली.

बावीस वर्षं सायलस विंटरबॉटम संजीवक या औषधासाठी पत्रं लिहीत होता. कंपनीच्या फुकट वाटायच्या दिनदर्शिकेत दर महिन्याखाली बऱ्या झालेल्या गिऱ्हाइकाचं एक पत्र असायचं. हलच्या खलाशाचा संधिवात, डेव्हनच्या पाद्रीबाबांच्या आत्याचा खोकला, सगळं काही संजीवकानं पळवलेलं. खलाशी सायलसच आणि आत्याही सायलसच. यात लपवाछपवी कसली? रॉचडेलमधल्या प्रत्येक औषधवाल्याकडे असा एक लिहिणारा बसलेला असायचा.

"कुठल्या बाईला, धाकटे मालक?" कळूनही त्यानं विचारलं.

"ही टॉडमॉर्डनची श्रीमती के. मी चड्डीत होतो तेव्हापासून छापताय. पहिल्या साली बाळंतपणाच्या तापातून उठली, तीन बाटल्यांत. दुसऱ्या साली पोरीला पाळण्यात टाकून पाव भाजले. मग चॅपलमध्ये गायली, मग आगगाडीनं ब्लॅकपूलला जाऊन समुद्र पाहिला. आणि यंदा पोरीचं लग्न. अहो सायलस, आपण औषध विकतो की हिचा संसार? वीस वर्षांत हिला साधं पडसंसुद्धा झालेलं नाही."

"लोकांना आवडतं, मालक. तिची चौकशी करतात. व्हिटबीच्या एका बाईनं बाळासाठी लोकरीचे मोजे विणून पाठवले होते."

"मोजे?" विल्फ्रेड हसला. "मग काय केलंत त्यांचं?"

"आहेत," सायलस म्हणाला.

त्याला थोरले मालक आठवले. जाऊन महिना झाला होता, पण त्यांची खुर्ची अजून खिडकीकडेच तोंड करून होती. पूर्वी हा कारखाना नव्हताच. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात संजीवक शिजायचं. काकवी, बडीशेप आणि वर दोन डाव जिन दारू. बाई कणकेच्या खळीनं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि खळ उरली की सायलसच्या बाहीला पुसायच्या. काय दिवस होते ते. दर शरदात पत्रांचा गठ्ठा आला की थोरले मालक आधी टॉडमॉर्डनचं पत्र उपसून काढायचे, चुलीपाशी उभ्यानं वाचायचे आणि चष्मा पुसत म्हणायचे, "बरं चाललंय पोरीचं." इतर पत्रांची ते पार चिरफाड करायचे. या पत्रातला एक शब्द त्यांनी कधी खोडला नाही.

आणि आता हे चिरंजीव. नव्याचे नऊ दिवस, असं सायलसनं महिनाभर मनाला समजावलं होतं. पण लाल रेघ काही नऊ दिवसांची नव्हती.

"थोरल्या मालकांनी..."

"वडील हळवे होते. आता जमाना छायाचित्रांचा आहे. मला कॅमेऱ्यासमोर उभी राहतील अशी माणसं हवीत. आणता या तुमच्या बाईला?"

सायलसनं दौतीचं झाकण लावलं.

"मग झालं तर." विल्फ्रेडनं पेन्सिल कानावर खोचली. तो काही दुष्ट नव्हता. काम उरकायची घाई होती एवढंच. "पण ती छापली नाही की पत्रं येणार. बाई कशा आहेत, पोरगी कशी आहे. कोण उत्तरं देत बसणार? तुम्ही असं करा, काळ्या काठाची शंभर कार्डं छापून घ्या. बाई गेल्या म्हणावं. आजाराचं नाव नको, औषधाला बोल लागेल. घोडागाडीखाली आल्या म्हणा."

सायलसनं टेबलाचा खालचा खण ओढला. निबांच्या डब्या बाजूला केल्या. मागे कोपऱ्यात अंगठ्याएवढे दोन पांढरे मोजे होते, एकात एक गुंडाळलेले. त्यांच्याखालून त्यानं पातळ कागदातलं एक पुडकं काढलं आणि विल्फ्रेडसमोर ठेवलं.

"छापायला नकोत, मालक. माझ्याकडे उरलीत थोडी."

कार्डं पिवळी पडली होती. काळा काठ मात्र शाबूत होता. विल्फ्रेडनं वरचं एक उचललं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला. "कीझाया. सायलस एन्टविसल याची पत्नी. टॉडमॉर्डन. मार्च १८५९, वय चोवीस. सोबत तिची मुलगी..." पुढचं त्यानं मनात वाचलं. मुलगी दोन दिवसांची होती.

"तीन बाटल्या पाजल्या होत्या मी," सायलस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्या रिकाम्या बाटल्या घेऊन तुमच्या वडिलांशी भांडायला आलो होतो. पार डोकं फोडायच्या तयारीनं. त्यांनी चुलीजवळ बसवलं, चहा दिला. मग म्हणाले, लिहिता येतं का तुला? ती बरी झाली असती तर काय केलं असतं तिनं, ते लिही."

खाली अंगणात कढई उतरवत होते. काकवीचा वास वर आला. विल्फ्रेडनं कार्ड पुन्हा पुडक्यात सरकवलं, कागद नीट दुमडला आणि खणात मोज्यांखाली होतं तिथं ठेवून दिलं. मग खोडरबर घेऊन तो लाल रेघ पुसत बसला. लाल पेन्सिल ती, नीट पुसली गेली नाही.

शेवटी त्यानं कागद सायलसपुढे सरकवला.

"पत्र आखूड झालंय," तो म्हणाला. "लग्नात पोरीनं काय घातलं होतं, ते लिहिलंच नाही तुम्ही."