‘थ’चा उच्चार

“टम,” लेनलेन म्हणाली.

“टम नाही, थम. जीभ दातांमध्ये धर आणि हवा सोड.” मारिलूने आपला अंगठा पुन्हा मुलीच्या डोळ्यांसमोर धरला.

“टम.”

मारिलूने पुढे होऊन फोनवरचं चित्रण थांबवलं. गेले काही दिवस हेच चाललं होतं. थायलंडमधल्या एका बालवाडीला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळच्या आपल्या गावातून मारिलूने अर्ज केला होता. एखाद्या लहान मुलाला शिकवतानाचं चित्रण पाठवा, ते बघून ठरवू, असं त्यांनी कळवलं होतं. गावच्या शाळेत ती पहिलीला शिकवायची. पण आपण जायच्या खटपटीत आहोत हे तिथे एवढ्यात कळायला नको होतं. म्हणून तिने घरातलीच विद्यार्थिनी घेतली. लेनलेन सहा वर्षांची, चुणचुणीत. टीव्हीवरची इंग्रजी गाणी धडाधड म्हणायची. काम सहज होईल असं मारिलूला वाटलं होतं.

पण ‘थ’ आला की मुलगी अडायची. टीथचं टीट, माउथचं माउट. चित्रण पाठवायची मुदत संपत आली तरी तेच.

त्या दिवशी मारिलूचा तोल गेला. तिने लेनलेनची हनुवटी घट्ट पकडली.

“काढ जीभ बाहेर. काढ म्हणते ना. इतकी कशी गं मठ्ठ तू? अगदी बापावर गेलीस.”

लेनलेन रडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली.

शेवटी मारिलूने शेजारच्या ट्रिशाला बोलावलं. ट्रिशाला एका दुपारीत जमलं. चित्रण गेलं, शाळेचा होकार आला आणि व्हिसाची धावपळ सुरू झाली.

त्या सगळ्या धावपळीत ती हनुवटी मारिलूच्या मनातून जात नव्हती. लेनलेनचा बाप मनिलाला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्यावरचा राग पोरीवर निघाला होता. त्याहून वाईट म्हणजे, लेनलेन खरोखरच अभ्यासात मागे पडणारी असेल तर? अशा मुलीला तर आई जवळ हवी. आणि ती आई परक्यांच्या मुलांना शिकवायला निघाली होती. मागे राहणार होती ती लेनलेनची लोला, मारिलूची म्हातारी आई, जिला स्वतःचं नाव लिहिण्यापलीकडे फारसं येत नव्हतं.

मारिलूने मुलीला नवे बूट आणले, रिबिनी आणल्या. लेनलेनने सगळं निमूटपणे घेतलं. चुकलं म्हणून सांगावं, असं ठरवून मारिलू तिच्याजवळ जाऊन बसायची आणि शाळेबद्दल, बुटांबद्दल काहीतरी बोलून उठायची.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी जेवायला येणार होते. मागच्या अंगणात लोला पान्सितच्या शेवयांत घालायला कोबी चिरत होती आणि लेनलेन लसूण सोलत होती. आत मारिलू सुकवलेले मासे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बॅगेत भरत होती. खिडकीतून आवाज आला.

“टम नाही लोला, थम. जीभ दातांमध्ये धर आणि हवा सोड.”

“मला मेलीला दात कुठे आहेत धरायला?”

“मग हिरड्यांमध्ये धर. हे बघ. थम. टीथ. माउथ.”

प्रत्येक ‘थ’ स्वच्छ होता. ट्रिशापेक्षाही स्वच्छ.

मारिलू हातातल्या माशांच्या पुडक्यासकट दारात आली. “तुला येतं?”

लेनलेन पुन्हा लसूण सोलू लागली.

“रोज हेच चालू असतं हिचं,” लोला हसत म्हणाली. “मला काय कळतंय, बरोबर का चूक.”

मारिलू मुलीसमोर उकिडवी बसली. “मग मला का नाही म्हणून दाखवलंस, बाळा? मी तुला इतकं बोलले.”

“लोला म्हणाली होती, मी नीट म्हटलं की तुला नोकरी मिळणार आणि तू जाणार.”

लोलाची सुरी थांबली. “मी आपलं पोरीला हुरूप यावा म्हणून...”

मारिलूने लेनलेनला जवळ ओढलं. लेनलेन आली, पण अंग आखडूनच. आईच्या खांद्यावरून तिला दारातून आतली भरलेली बॅग दिसत होती.

“मी नव्हतं म्हटलं, आई,” ती म्हणाली. “ट्रिशाने म्हटलं.”