एकाच वाडग्याचं घर

उत्खननात निघालेल्या एका जुन्या घरातली खापरं जोडायचं काम तिच्याकडे होतं. महिनाभर चिकटवाचिकटव केल्यावर टेबलावर एक ताटली, एक वाडगा आणि कान तुटलेला एक पेला उभा राहिला.

साहेब येऊन बघून गेले. "एवढीच भांडी? मग हे घर नव्हे. कोठार असणार."

"घरच असेल, सर. चुलीची राखही निघालीय. कुणीतरी एकटं राहत असेल."

"एकटं?" साहेब हसले. "अहो, माणूस म्हटला की त्याच्या मागेपुढे कुणीतरी असतंच!"

तिच्या स्वतःच्या ओट्यावर सकाळचा एकच कप विसळून पालथा घातलेला होता. दुसरा फुटून बरीच वर्षं झाली होती, पण नवा आणावा असं तिला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी जाताना ती भांड्यांच्या दुकानात शिरली आणि तिनं सहा कप बांधून घेतले.

"पाहुणे येणार वाटतं, ताई?" दुकानदारानं कौतुकानं विचारलं.



"हो," ती म्हणाली, "पण तीन-चारशे वर्षांनी."